दहा महिन्यांच्या वापरानंतर: 'खोल श्वास घ्या' हे वाक्य मी का काढून टाकलं

आघातातून गेलेल्या माणसांसोबत शरीराच्या अंगाने काम करायचं प्रशिक्षण घेऊन मला दहा महिने झाले. पद्धतीचं नाव सोमॅटिक एक्सपिरियन्सिंग: पीटर लेव्हिन या अमेरिकन थेरपिस्टने मांडलेली, शरीरातल्या संवेदनांकडे लक्ष देत आघाताचा ताण हळूहळू सोडवणारी. लिहायला बसले ते एका सेशनमुळे आणि त्यानंतर आलेल्या एका उत्तरामुळे.

तिसरा महिना होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) अपघातातून वाचलेली एक मुलगी बोलत होती आणि बोलता बोलता तिचे खांदे कानांपर्यंत चढले. शिकवलं होतं तसं मी म्हटलं, "डोळे मिट, खोल श्वास घे." तिने घेतला. मग दुसरा, तिसरा, भराभर, कारण सांगितलेलं तिला नीट करायचं होतं. सातव्या-आठव्या श्वासाला तिची बोटं खुर्चीच्या हातावर आवळली. "ओठांना मुंग्या येतायत," म्हणाली. डोळे उघडले तेव्हा नजर माझ्यावर नव्हती, माझ्या पलीकडे कुठेतरी होती. तिला खोलीत परत आणायला वीस मिनिटं लागली.

मोठे श्वास भराभर घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. चक्कर येते, मुंग्या येतात, छाती धडधडते. भीतीने गोठलेल्या माणसाने हे सगळं एकदा भोगलेलं असतं. मी तिला शांत करायला गेले आणि अपघाताचा दिवस तिच्या अंगात पुन्हा उभा केला.

प्रशिक्षकांना मी सविस्तर लिहिलं. तेरा दिवसांनी दोन ओळी आल्या: क्लायंटची तयारी झालेली नाही, रेझिस्टन्स आहे, म्हणजे ती उपचाराला आतून विरोध करतेय. त्याचा राग अजून गेलेला नाही. सांगितलेलं मन लावून करणाऱ्या मुलीला रेझिस्टन्स म्हणायचं? रिलॅक्सेशनच्या सरावाने काहींची चिंता उलट वाढते, हे संशोधन १९८३ मध्ये छापून आलेलं आहे. प्रशिक्षणात त्याचा उल्लेखही नव्हता.

त्या आठवड्यात मी ठरवलं होतं की हे सगळं बाजूला ठेवायचं आणि फक्त बोलण्यावर काम करायचं. सुपरव्हिजनला, म्हणजे माझ्या कामावर नजर ठेवणाऱ्या अनुभवी ताईंना, तसं सांगितलं. ताईंनी एकच विचारलं, "तेव्हा तिचे पाय कुठे होते?" मला आठवेना. श्वासाच्या नादात मी तिच्या पायांकडे पाहिलंच नव्हतं.

तिथून माझं मत बदललं. दोष पद्धतीचा नव्हता, सुरुवात कुठून करायची त्याचा होता. आता सुरुवात बाहेरून होते: डोळे उघडे, दार दिसेल अशी खुर्ची, तळवे जमिनीला टेकलेले. आतल्या संवेदनांकडे थोडंसंच जायचं आणि लगेच बाहेर यायचं. टायट्रेशन (थोडं थोडं घेणं) आणि पेंड्युलेशन (आत-बाहेर झुलत राहणं) हे शब्द मी वहीत नीट लिहून घेतले होते, पण त्यांचा अर्थ तेव्हा कळला.

दुसरा बदल भाषेतला. 'मिटा', 'घ्या', 'सोडा' हे आदरार्थी असले तरी हुकूमच आहेत. ज्याच्या शरीरावर दुसऱ्या कुणाची मर्जी चालली, त्याला पुन्हा हुकूम कसा द्यायचा? आता म्हणते, "मिटावेसे वाटले तर मिटा, नाहीतर समोरचा एखादा कोपरा बघत राहा." आघातावर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या २०१४ च्या योगावरच्या अभ्यासात पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक विकार) असलेल्या ६४ स्त्रिया होत्या. १० आठवड्यांनंतर योग गटातल्या ५२ टक्के स्त्रिया पीटीएसडीच्या निकषांत बसत नव्हत्या, तुलनेच्या गटात २१ टक्के. तो ट्रॉमा-सेन्सिटिव्ह योग होता आणि त्यात प्रत्येक हालचाल करायची की नाही हे करणाऱ्यावर सोडलेलं असतं. आकडा सगळे सांगतात, ही अट कुणी सांगत नाही.

बाकीचं थोडक्यात. स्पर्श मी वापरत नाही. भीती आणि सुरक्षिततेच्या प्रतिक्रिया व्हेगस नर्व्हवरून समजावणाऱ्या पॉलीव्हेगल थिअरीच्या शास्त्रावर वाद आहेत, म्हणून ती क्लायंटला सत्य म्हणून सांगत नाही. ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली वापरून आघाताच्या आठवणींवर काम करणारी थेरपी) किंवा ट्रॉमा-केंद्रित सीबीटीची (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी) गरज दिसली तर त्या थेरपिस्टकडे पाठवते.

आठव्या महिन्यात तीच मुलगी म्हणाली, "आज भिंत ढकलून बघू का?" तिने स्वतः विचारलं. दोन्ही तळहात भिंतीला लावले, एक पाय मागे घेतला आणि जोर लावला. दंड थरथरले. मी फक्त म्हटलं, "हवं तेव्हा थांबता येईल." तिने बराच वेळ ढकललं. मग हात खाली आले, खांदे उतरले आणि तिच्या पोटातून एक लांब श्वास सुटला. श्वासाचं नावही मी काढलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

पुढच्या पातळीच्या प्रशिक्षणाचा अर्ज आला आहे. मी तो अजून भरलेला नाही. आधी त्यांना पुन्हा लिहिलं आहे: श्वासामुळे पॅनिक झालेल्या क्लायंटबद्दल आता तुम्ही काय शिकवता? उत्तर यायचं आहे.