स्टार चार्ट लावावा की मुलांना गोलात बसवावं?

माझी एक मैत्रीण इंदुरातल्याच एका ख्रिस्ती शाळेत आहे. प्राथमिक विभागाची जबाबदारी नुकतीच तिच्याकडे आली. परवा तिचा फोन आला, "एप्रिलमध्ये नवं सत्र सुरू होतंय. मुलं नीट वागावीत, दादागिरी थांबावी म्हणून काहीतरी एक ठरवा असं मॅनेजमेंट म्हणतंय. स्टार चार्ट लावू, की तुझ्यासारखं गोलात बसवू?" मी ख्रिस्ती नाही, पण अशाच एका शाळेत तिसरीला शिकवते आणि दोन्ही गोष्टी मनापासून करून पाहिल्यात. तिला जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहिते.

स्टार चार्टचं आधी, कारण बहुतेक शाळा तिथूनच सुरुवात करतात. एक कार्डशीट, स्टिकरचं पाकीट, सगळ्यांची नावं; नीट वागलं की नावासमोर एक स्टार. आज ठरवलं की उद्या भिंतीवर. माझ्या वर्गात ४४ मुलं होती आणि आठवड्याभरात गलका खरंच कमी झाला. वह्या वेळेवर येऊ लागल्या, रांग सरळ झाली. पालकांनाही ते लगेच कळतं. रामबागेतल्या एक आजी रोज गेटवर नातवाला विचारायच्या, "आज किती स्टार?" नव्या शिक्षिकेला हाताशी काहीतरी हवं असतं आणि चार्ट ते देतो. हे मी कमी लेखणार नाही.

पण त्याच वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीची पाण्याची बॉटल रोज हरवायची. कधी कपाटावर सापडायची, कधी पीटीच्या सामानात, एकदा तर झाकण काढून कुंडीत उपडी. घरात मराठी बोलणारी मुलगी, हिंदी बोलताना अडखळायची. त्यावरून तिची नक्कल व्हायची. मला वाटत होतं, विसरभोळी आहे. दोन वेळा मीच तिच्या डायरीत रिमार्क लिहिला, 'सामान सांभाळत नाही.' दिवाळीच्या सुट्टीनंतर तिच्या शेजारच्या बाकावरच्या मुलानं मधल्या सुट्टीत हळूच येऊन सांगितलं, तेव्हा कळलं की बॉटल लपवणारा कोण. चार्टवर सगळ्यात जास्त स्टार त्या लपवणाऱ्याचेच होते. माझ्यासमोर तो खरोखरच गुणी होता.

चार्टची मर्यादा मला तिथे दिसली. शिक्षिकेला जे दिसतं, तेवढंच तो मोजतो. दादागिरी तर शिक्षिकेची पाठ वळल्यावरच होते. दुसरी अडचण बक्षिसाच्या स्वभावातच आहे. १९७३ मध्ये अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी रंगीत पेनांनी चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीच्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल असं ज्यांना आधी सांगितलं होतं, त्यांचा त्या रंगीत पेनांतला रस पुढे कमी झाला. ज्यांना तेच प्रमाणपत्र अचानक मिळालं, त्यांचा झाला नाही. म्हणून मी अजूनही स्टार देते, पण न सांगता आणि कशासाठी ते स्पष्ट बोलून: "तू तिला रांगेत पुढे घेतलंस, ते मला आवडलं." नावासमोर बेरीज मांडत नाही.

आता गोल. शुक्रवारचा शेवटचा तास, दप्तरं भिंतीला, सगळे जमिनीवर. महेश्वरहून आणलेला नर्मदेतला एक गुळगुळीत गोटा हातोहात फिरतो. ज्याच्या हातात गोटा, तो बोलणार. नसेल बोलायचं तर पुढे देणार. विषय साधा असतो, जसं 'या आठवड्यात मला कुणी मदत केली.' ३५ मिनिटांत ४४ मुलं बोलून होत नाहीत, म्हणून निम्मा वर्ग लायब्ररीत पाठवायचा आणि पुढच्या आठवड्यात अदलाबदल. पहिले दोन महिने काहीच घडत नाही. मुलं एकमेकांची वाक्यं उचलतात, हसतात. शिक्षिकेनं मधे उपदेश घातला की त्या दिवसाचा गोल संपलाच म्हणून समजा. वरिष्ठांना दाखवायला भिंतीवर काही उरत नाही, आणि पीटीएमला एखादे वडील विचारतात, "मॅडम, या तासाला पोर्शन का नाही घेत?"

तरीही माझा कौल गोलाला आहे, आणि त्याचं कारण ते शेजारच्या बाकावरचं मूल. त्याला दोन महिने सगळं माहीत होतं. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठानं तयार केलेला आणि २००९ पासून तिथल्या शाळांमध्ये देशभर गेलेला 'किवा' हा छळविरोधी कार्यक्रम नेमका अशा, बघत राहणाऱ्या मुलांवर भर देतो. त्रास देणारा बघ्यांच्या हसण्यावर जगतो; बघे बाजूला झाले की त्याची हवा जाते. तिथे शिक्षक त्रास झालेल्या मुलाशी आणि त्रास देणाऱ्याशी वेगवेगळं बोलतात आणि वर्गातल्या दोन-चार समंजस मुलांना त्या मुलाची सोबत करायला सांगतात. ख्रिस्ती शाळेला तर ही गोष्ट घरचीच आहे. बायबलमध्ये, लूकच्या शुभवर्तमानातल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत रस्त्यात पडलेल्या माणसाला पाहून याजक (पुरोहित) आणि लेवी (मंदिराचा सेवक) बाजूनं निघून जातात; थांबून मदत करतो तो परका शोमरोनी. मॉरल सायन्सच्या तासाला मी ती सांगते तेव्हा हिंदू, जैन, मुसलमान, सगळी मुलं ऐकतात. मग विचारते, "पाण्याच्या कूलरपाशी कुणाला त्रास होत होता, तेव्हा या गोष्टीतले तुम्ही कोण होता?" उत्तर मागत नाही.

मात्र एक गोष्ट गोलात कधीही आणू नका: चालू असलेलं दादागिरीचं प्रकरण. सगळ्यांसमोर 'तुला कसं वाटलं' असं विचारणं त्या मुलाला पुन्हा उघडं पाडतं. नॉर्वेतले संशोधक डॅन ओल्वेयस यांनी छळाची ओळख तीन खुणांनी करून दिली: मुद्दाम, वारंवार, आणि दोघांच्या ताकदीत फरक. हा फरक असताना समोरासमोर बसवून समेट करता येत नाही. दोन मैत्रिणींचं खोडरबरावरून भांडण वेगळं, ते गोलात मिटतं.

आपल्या शाळांमध्ये इथेच चूक होते, आणि ती मी स्वतः केली आहे. मी दोघांना उभं केलं, त्याला सॉरी म्हणायला लावलं आणि तिला म्हटलं, "क्षमा कर, हात मिळव." प्रार्थनेत रोज क्षमेबद्दल ऐकणारी मुलगी नाही कशी म्हणणार? तिनं हात पुढे केला, पण मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी बॉटल पुन्हा गायब. क्षमेचं ओझं मी चुकीच्या खांद्यावर ठेवलं होतं. बायबलमध्ये जक्कय जकातदार, ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत करीन, असं आपणहून म्हणतो. कुणी लुबाडलेल्यांना आधी बोलावून क्षमा करायला सांगत नाही. नंतर मी मुलीला एकटीला विचारलं, तुला काय हवं? मला वाटलं होतं, त्यालाच रोज माझी बॉटल भरून आणू दे म्हणेल. ती म्हणाली, "त्यानं माझ्या बॉटलला हातच लावायचा नाही." तेवढंच ठरवलं, त्याच्याशी वेगळं बसून, त्याच्या आईला बोलावून. दर सोमवारी दोघांना वेगवेगळं विचारत राहिले, थेट वार्षिक परीक्षेपर्यंत.

उठाबशा, सगळ्यांदेखत कान पकडणं हा तिसरा पर्याय मी तुलनेतच घेत नाही. दादागिरीचा धडाच तो आहे, फक्त मोठ्यांनी दिलेला.

म्हणून मैत्रिणीला म्हटलं: पहिली-दुसरीला, नव्या शिक्षिकेला, पन्नासच्या वर्गाला चार्ट चालेल, पण नावांचा नको, अख्ख्या वर्गाचा एकच, आणि दिवाळीपर्यंतच. तिसरी ते पाचवी गोल, आठवड्यातून एकदा, टाइमटेबलमध्ये छापलेला. नाहीतर स्पोर्ट्स डे आणि ॲन्युअल फंक्शन तो तास खाऊन टाकतात. आणि दोन्हींपासून अलग, तक्रार कुणाकडे करायची त्या एका शिक्षिकेचं नाव डायरीच्या पहिल्या पानावर. शाळा सीबीएसईची असेल तर छळविरोधी समिती नेमायला बोर्डानं २०१५ मध्येच सांगितलं आहे. तिची यादी फाइलमधून बाहेर काढून नोटीस बोर्डावर लावा.

हे ठरवायच्या आधी, एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात, मुलांना शाळेचा साधा नकाशा द्या आणि जिथे भीती वाटते तिथे लाल खूण करायला सांगा, नाव न लिहिता. आमच्याकडे वर्गात खुणा मोजक्याच होत्या. कूलरपाशी बऱ्याच. आणि सात-आठ मुलांनी कागदाच्या कोपऱ्यात, गेटच्या बाहेर, स्वतःच्या हातानं एक व्हॅन काढून ती पूर्ण लाल रंगवली होती. दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या वेळी आम्ही दोघी शिक्षिका आधी व्हॅनच्या ड्रायव्हरशी बोलायला गेलो.