टायरोसिन: साधं की अ‍ॅसिटाइलवालं? काही महिन्यांच्या वापरानंतर

रात्रपाळीत डोकं जागेवर राहावं म्हणून मी टायरोसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) पूरक म्हणून घ्यायला लागले, त्याला बरेच महिने झाले. आधी एन-अ‍ॅसिटाइल एल-टायरोसिन, म्हणजे अ‍ॅसिटाइल हा रासायनिक गट जोडलेलं रूप घेतलं, मग साधं एल-टायरोसिन. विचाराल तर मी साधंच घ्या म्हणेन.

अ‍ॅसिटाइलवाल्याची सगळी जाहिरात विरघळण्यावर चालते. ते खरंही आहे: पेल्यात टाकून ढवळलं की पाणी लगेच नितळ. साध्याची पांढरी भुकटी वर तरंगते, काचेला चिकटते, शेवटच्या घोटात दाताखाली येते. लिटरभर पाण्यात ती अर्धा ग्रॅमसुद्धा धड विरघळत नाही. पण पाण्यात विरघळलं म्हणजे अंगी लागलं असं नाही. सलाइनमधून टायरोसिन देताना विरघळण्याचीच अडचण येते, तिथे हे रूप सोयीचं पडतं. आणि तिथेही अभ्यासांत दिसलं की त्याचा बराच भाग जसाच्या तसा लघवीवाटे निघून जातो, रक्तातलं टायरोसिन फारसं वाढत नाही. साधं मात्र तोंडाने घेतलं तरी आतड्यातून व्यवस्थित शोषलं जातं.

वजनाचाही हिशेब बघा. अ‍ॅसिटाइलवाल्यात टायरोसिनचा वाटा ८१ टक्के, म्हणजे ३५० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये जेमतेम २८४. जागरण आणि ताणावरच्या प्रयोगांत शरीराच्या दर किलोमागे १०० ते १५० मिलिग्रॅम साधं टायरोसिन दिलं होतं. मी त्याच्या कितीतरी कमी घेते. पहाटेची मरगळ थोडी उशिरा येते, एवढाच फरक मला जाणवतो. अ‍ॅसिटाइलवाल्याने तोही जाणवला नव्हता. मात्र रिकाम्या पोटी घ्यावं लागतं, कारण मेंदूत शिरताना जेवणातली इतर अमिनो आम्लं त्याच्याशी स्पर्धा करतात.

म्हणून ‘अ‍ॅसिटाइल’ दिसलं की नाक मुरडायचं असंही नाही. सिस्टीन या दुसऱ्या अमिनो आम्लाच्या बाबतीत उलट आहे. साध्या सिस्टीनचं हवेत, ओलाव्यात सहज ऑक्सिडीकरण होतं. एन-अ‍ॅसिटाइल सिस्टीन जास्त टिकतं आणि शरीर त्यातून ग्लुटाथायोनसाठी (शरीर स्वतः बनवतं ते अँटिऑक्सिडंट) सिस्टीन मोकळं करतं. पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर डॉक्टर तेच देतात. बाटली उघडली की गंधकाचा वास येतो, तो त्याचा स्वभावच; खराब झालं समजून फेकू नका.

थायरॉइडची, पार्किन्सनची किंवा नैराश्यावरची औषधं चालू असतील तर टायरोसिनला हात लावण्याआधी डॉक्टरांना विचारा, रूप कुठलंही असो.