पॉलिस्टर जर्सीवरची लो-क्युअर पांढरी शाई: कुठे टिकते, कुठे हरते

ड्राय-फिट (घाम पटकन सुकवणाऱ्या पॉलिस्टरच्या) टीशर्टवर स्क्रीनने, म्हणजे जाळीतून, छपाई करणाऱ्यांचा खरा शत्रू लाल रंगाचं कापड. मरून, गडद निळा आणि काळाही त्रास देतात, पण लाल सगळ्यांत वाईट. शाई पक्की करणाऱ्या ड्रायरमधून बाहेर पडताना पांढराशुभ्र दिसणारा नंबर दोन-तीन दिवसांनी गुलाबी होतो, कधी तर आठवडा उलटल्यावर. तोवर माल गिऱ्हाइकाच्या हातात पोहोचलेला असतो. म्हणूनच पॉलिस्टरसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या लो-क्युअर (कमी तापमानाला पक्की होणाऱ्या), लो-ब्लीड (कापडाचा रंग वर येऊ न देणाऱ्या) पांढऱ्या प्लास्टिसोलची, म्हणजे उष्णतेने पक्की होणाऱ्या प्लास्टिक शाईची, पारख ड्रायरच्या तोंडाशी करू नये. छापलेला तुकडा वजनाखाली, उबदार जागी तीन-चार दिवस ठेवून मगच मत बनवावं.

आधी कारण. पॉलिस्टर डिस्पर्स रंगांनी रंगवलेलं असतं. हे रंग धाग्याशी रासायनिक बंधनाने जोडलेले नसतात, धाग्याच्या आत अडकून बसलेले असतात. पुरेशी उष्णता मिळाली की त्यांची वाफ होते आणि ती धाग्यातून बाहेर पडते. वर प्लास्टिसोलचा थर असतो आणि त्यातलं प्लास्टिसायझर (शाई लवचीक ठेवणारं द्रव) या रंगांना सहज विरघळवून घेतं. साधी प्लास्टिसोल पक्की व्हायला साधारण १६० अंश सेल्सिअस लागतात आणि १३० च्या पुढे बहुतेक रंगांची हालचाल झपाट्याने वाढते. म्हणजे साध्या शाईने हे काम करायला घेतलं की कापडातला रंग वर येणं ठरलेलंच.

लो-क्युअर शाई १३० ते १३५ अंशांत पिकते, आणि तिची खरी किंमत इथेच आहे. डब्यावर ‘ब्लीड रोखते’ हे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, पण रंग अडवणाऱ्या घटकांपेक्षा हे २५-३० अंश कमी तापमान कितीतरी जास्त काम करतं. ज्यांचा ड्रायर नीट ताब्यात आहे त्यांना फिकट पिवळ्या, राखाडी, आकाशी अशा फिकट ते मध्यम रंगांच्या पॉलिस्टरवर ही शाई निश्चिंतपणे वापरता येते. काळ्यावरही बहुतेक वेळा निभावते.

पण तापमानाचा पट्टा फार अरुंद आहे. शाई १२५ वर राहिली तर थर कच्चा राहतो, ताणला की तडकतो आणि धुण्यात सुटतो. १४५ वर गेली तर लो-क्युअरचा फायदाच संपला. त्यात पॉलिस्टर सुती कापडासारखं वागत नाही. सुतात ७-८ टक्के ओलावा असतो आणि ड्रायरमधल्या पहिल्या टप्प्यातली बरीचशी उष्णता तो उडवण्यात जाते. पॉलिस्टरमध्ये ओलावा अर्ध्या टक्क्याच्या आसपास, त्यामुळे कापड आत शिरताच तापू लागतं. सुतासाठी लावलेल्या सेटिंगवर ड्राय-फिट सोडला की तो हमखास जास्त भाजला जातो. ड्रायरच्या सरकत्या पट्ट्याचा वेग आणि तापवणाऱ्या पॅनेलचं तापमान दोन्ही नव्याने बसवावे लागतात. हे मोजायला लेझर थर्मामीटर पुरत नाही, तो फक्त वरचा पृष्ठभाग वाचतो. शाईच्या थराला टेकणारा प्रोब (तापमान मोजणारी तार) ड्रायरमधून शर्टाबरोबर सोडावा, म्हणजे शाई खरोखर किती तापली आणि त्या तापमानात किती वेळ राहिली ते कळतं. ड्रायरचा डिस्प्ले दाखवतो ते हवेचं किंवा पॅनेलचं तापमान, शाईचं नव्हे.

जाळीबद्दल कंजुषी नको. अपारदर्शकता आणि रंग अडवणं या दोन्हींसाठी थर जाड लागतो, म्हणून सेंटीमीटरला ४३ धाग्यांची, म्हणजे विरळ, जाळी योग्य. ६१ ची जाळी वरच्या हातासाठी (थरासाठी) ठीक, पहिल्या थरासाठी नाही. क्रम असा: पहिला हात, फ्लॅश (थर वरवर सुकवणारी थोडा वेळ दिलेली उष्णता), दुसरा हात. फ्लॅश फक्त शाई बोटाला लागणार नाही एवढाच, बहुतेक यंत्रांवर ३ ते ५ सेकंद. जास्त झाला की तीन गोष्टी एकदम बिघडतात: दुसरा हात नीट धरत नाही, पातळ कापड आकसून रजिस्ट्रेशन (थरांची एकमेकांवरची जुळणी) सरकतं आणि शर्टावर चमकदार डाग उमटतो, जो नंतर जात नाही. पॅलेट (शर्ट चढवायच्या फळ्या) तापत जातात हेही लक्षात ठेवावं. सकाळचे ५ सेकंद दुपारी ३ वर आणावे लागतात.

तक्रारीची मोठी जागा म्हणजे डबा. ही शाई घट्ट असते, आणि कमी तापमानाला पिकते म्हणूनच उन्हाळ्यात तापणाऱ्या खोलीत तिला गुठळ्या धरू लागतात. थंड, सावलीच्या जागी ठेवावी. तापलेल्या पॅलेटमुळे स्क्रीनच्या खालच्या बाजूलाही ती अर्धवट पिकते आणि जाळी चोक होते. छापण्याआधी पाच मिनिटं चांगली ढवळली की ती बरीच सैल होते. घट्ट वाटली म्हणून रिड्यूसर (शाई पातळ करणारं द्रव) ओतण्याचा मोह इथे महागात पडतो, कारण त्याने झाकण्याची ताकद आणि रंग अडवण्याची ताकद दोन्ही उतरतात. उरलेली साधी पांढरी शाई तिच्यात मिसळणं तर पूर्ण वर्ज्य. मिश्रण १३२ अंशांना पिकत नाही आणि वरून पाहून ते कळतही नाही.

आता लाल कापड. इथे ही शाई एकटी पुरत नाही, विक्रेता काहीही सांगो. सब्लिमेशनने (रंगाची उष्णतेने वाफ करून) छापलेल्या नक्षीदार किंवा कॅमोफ्लाज जर्सीवर तर तिच्याकडून अपेक्षाच ठेवू नये, कारण त्या कापडातला रंग मुळातच उष्णतेने चढवलेला असतो आणि उष्णतेने तसाच निघतो. अशा कामाला खाली कार्बनयुक्त राखाडी बॅरियर बेस (रंग अडवणारा खालचा थर) हवा, तोही लो-क्युअरच. कार्बन ती रंगाची वाफ धरून ठेवतो. बॅरियर ४३ च्या जाळीतून, एकसलग आणि पिनहोल न ठेवता. त्यात सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी वरच्या पांढऱ्यावर नेमका तिथे गुलाबी ठिपका उमटतो. कलाकृती तयार करताना अंडरबेस (खालचा थर) वरच्या थरापेक्षा थोडा आत घेण्याची सवय असते, ती इथे सोडावी. बॅरियर आत घेतला की पांढऱ्याची कड थेट कापडावर बसते आणि काही दिवसांनी प्रत्येक अक्षराभोवती गुलाबी रेघ दिसू लागते. राखाडी झाकायला पांढऱ्याचे दोन हात लागतात, थर जाड होतो, हाताला जड लागतो. ही किंमत मोजावीच लागते.

जाड थराचा दुसरा परिणाम खेळाडूला सोसावा लागतो. ड्राय-फिट कापड घाम पसरवून उडवतं, पण शाईच्या सलग थरामागून काहीच उडत नाही. छातीवर भला मोठा भरीव चौकोन छापला तर तेवढा भाग अंगाला चिकटतो आणि शर्ट घेण्यामागचा हेतूच तेवढ्या जागेत मारला जातो. डिझाइनमध्ये मोकळ्या जागा ठेवाव्यात, भरीव भागाऐवजी रेघा किंवा हाफटोन (सुटे ठिपके) वापरावेत, नंबर बाह्यरेषेचा करावा. छापखान्याने हे गिऱ्हाइकाला छापण्याआधी सांगायला हवं.

ज्या कपड्यात लायक्रा आहे, जो अंगाबरोबर खूप ताणला जातो, तिथे सिलिकॉन शाईच सरस. ती यापेक्षाही कमी तापमानाला पिकते आणि ताणाला कितीतरी जास्त टिकते. पण त्यात कॅटलिस्ट (शाई पक्की करणारं रसायन) मिसळावा लागतो, मिसळलेली शाई काही तासांत संपवावी लागते, आणि प्लास्टिसोलच्या स्क्रीन आणि स्क्वीजी (शाई ओढायच्या रबरी पट्ट्या) तिच्यापासून वेगळ्या ठेवाव्या लागतात. रोज दहा-वीस शर्टांची कामं करणाऱ्या लहान छापखान्याला हा व्याप परवडत नाही. तिथे लो-क्युअर प्लास्टिसोलच बरी.

ड्रायरनंतरची निष्काळजी मात्र कोणतीही शाई भरून काढू शकत नाही. गरम शर्टांची चळत लावली की मधल्या शर्टांत उष्णता तासन्‌तास कोंडून राहते आणि रंगाचा प्रवास सुरूच राहतो. पट्ट्याच्या टोकाला पंखा लावावा, शर्ट हाताला गार लागल्यावरच घडी घालावी, चळत लहान ठेवावी. गरम माल थेट प्लास्टिक पिशवीत आणि पिशव्या बंद खोक्यात घातल्या तर उन्हातल्या गाडीत उरलेलं काम पूर्ण होतं. काही लो-ब्लीड शाईंत विरंजक घटक असतात. गरम चळतीत ते शेजारच्या शर्टावर छपाईच्या आकाराचा फिकट डाग पाडतात, विशेषतः सुती किंवा मिश्र कापडावर. म्हणून ही शाई शंभर टक्के सुती कामाला सवयीने वापरू नये.

ऑर्डर घेण्याआधी त्याच कापडाच्या तुकड्यावर चाचणी करावी: प्रोब लावून एक फेरी, गार झाल्यावर दोन्ही दिशांना ताणून तडे पाहणं, चार-पाच धुण्या, आणि वजनाखालचे ते तीन-चार दिवस. धुण्यात शाई पापुद्र्यासारखी सुटली पण ताणल्यावर तडकली नसेल, तर दोष क्युअरिंगचा नसून कापडावरच्या फिनिशचा (रासायनिक लेपाचा) असण्याची शक्यता जास्त. आणि पुढच्या खेपेला त्याच कंपनीचा, त्याच नंबरचा लाल शर्ट आला तरी चाचणी पुन्हा करावी. लॉट बदलला की रंगाईही बदललेली असू शकते, आणि ते लेबलवर कुठेच लिहिलेलं नसतं.