आडनावबंधूंचा ग्रुप की नाशिकची वही?

पुतण्याला पणजोबांच्या मागची पिढी हवीय. आडनावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू की यात्रेकरूंच्या वंशावळीच्या वह्या ठेवणाऱ्या नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे जाऊ, हा त्याचा घोळ.

खर्च: ग्रुप फुकट, नाशिकला गाडीभाडं आणि दक्षिणा.

खात्री: खरी गोम इथेच. गावावरून पडलेलं ‘-कर’ आडनाव त्या गावच्या वेगवेगळ्या जातींतही सापडतं. कुलदैवत, मूळ गाव जुळल्याशिवाय कुणाला भाऊबंद म्हणू नये. वहीत यात्रेला आलेल्या पूर्वजानेच सांगितलेली नावं असतात, कधी सहीसकट. मात्र जुनी पानं मोडी लिपीत, आणि घरातून कुणी तीर्थाला गेलंच नसेल तर हात हलवत परत!

विखुरलेल्या हयात शाखा जोडायला ग्रुप बरा. पुतण्याने नाशिकच गाठावं. आधी आत्याला मूळ गाव विचारून, कारण वही त्यावरूनच निघते.