वेडिंग प्लॅनर नेमावा का? आठ महिने काम करून घेतल्यानंतरचा अनुभव

बहिणीच्या लग्नासाठी आम्ही वेडिंग प्लॅनर नेमली, त्याला आता अकरा महिने झाले आणि लग्न होऊन तीन. सगळ्यांची देणी चुकती झाली, हॉलची अनामत रक्कम परत आली आणि कौतुकाचा भर व राग दोन्ही ओसरले, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

नेमायची की नाही यावर घरात दीड महिना खल चालला होता. घरात एवढी माणसे असताना बाहेरच्या माणसाला पैसे कशाला मोजायचे, असे बाबांचे म्हणणे होते. त्यावर माझे उत्तर असे की, चार वर्षांपूर्वी चुलतभावाच्या लग्नात ही ‘एवढी माणसे’ म्हणजे प्रत्यक्षात मी एकटा होतो. मुख्य विधी चालू असताना मी हॉलच्या मागच्या दाराशी उभा राहून खुर्च्यांच्या दुसऱ्या टेम्पोला रस्ता सांगत होतो. अल्बममध्ये माझा एकच फोटो आहे आणि त्यातही फोन कानाला आहे. शेवटी बहिणीनेच निकाल लावला. “या वेळी तू लग्नाला यायचं आहेस,” एवढेच ती म्हणाली.

चौकशीला लागल्यावर कळले की या सेवेचे साधारण तीन प्रकार असतात. पहिल्यात हॉल शोधण्यापासून शेवटचे बिल भागवेपर्यंत सगळे प्लॅनरकडे असते. दुसऱ्यात काही बुकिंग आपण केलेले असते आणि उरलेले त्यांच्याकडे जाते. तिसऱ्यात फक्त त्या दिवसाचा समन्वय असतो. मात्र त्याला ‘त्या दिवसापुरते’ म्हणत असले तरी काम चार ते सहा आठवडे आधी सुरू होते, कारण ज्याने करार वाचलेले नाहीत तो माणूस तो दिवस चालवू शकत नाही. आमचा हॉल आणि केटरर आधीच ठरलेले असल्यामुळे आम्ही मधला प्रकार घेतला.

फी दोन प्रकारे सांगितली जाते: ठरावीक रक्कम, किंवा एकूण खर्चाच्या काही टक्के. आम्ही टक्केवारी नाकारली. खर्च वाढला की ज्याची फी वाढते, त्याला खर्च कमी करण्याचा सल्ला मागणे मला विचित्र वाटले. यात कोणाच्या सचोटीवर शंका नाही, हिशेबच तसा बसतो. एका प्लॅनरने तर आम्ही स्वतः ठरवलेल्या हॉलचे भाडेसुद्धा टक्केवारीत धरले होते. तिथून आम्ही चहा न घेता उठलो.

प्लॅनरमुळे पैसे वाचतात का, हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे. आमचे वाचले नाहीत. ओळखीमुळे मिळालेल्या सवलती मी मांडून पाहिल्या, तेव्हा त्यांतून फीचा जेमतेम एक तृतीयांश भाग भरून निघाला. खरा खर्च कमी झाला तो पाहुण्यांची यादी 340 वरून 260 वर आणल्यामुळे, कारण जेवण, खुर्च्या, निमंत्रणे, वाहने आणि राहण्याच्या खोल्या हे सगळे माणसांच्या आकड्यावर चालते. हे श्रेय मात्र काही अंशी प्लॅनरना द्यावे लागेल, कारण पहिल्याच भेटीत रंगसंगतीच्या गप्पा बाजूला सारून त्यांनी आकडा विचारला आणि तो पक्का होईपर्यंत डेकोरेटरकडे जायचेच नाकारले. यादीतून नावे कोणाची गाळायची, हे भांडण अर्थातच आमचे आम्हालाच करावे लागले.

दुसरा गैरसमज असा की, प्लॅनर आली म्हणजे आपण मोकळे. पहिले पाच महिने माझे काम फारसे कमी झाले नाही. प्रत्येक गोष्टीचे दोन-तीन पर्याय मोबाइलवर येत, घरच्या पाच जणांचे मत घ्यावे लागे आणि मंजुरी कोणत्या मेसेजमध्ये दिली हे नंतर कोणालाच सापडत नसे. शेवटी दर रविवारी संध्याकाळी एकच ईमेल, त्यातच सगळ्या मंजुऱ्या, असा नियम आम्ही घातला आणि गोंधळ थांबला. हा नियम खरे तर त्यांच्याकडून यायला हवा होता.

तक्रारी दोन आहेत. हंगाम सुरू झाला तसे फोन उचलणे कमी झाले आणि एका महत्त्वाच्या बैठकीला त्यांनी हॉलचा करार न वाचलेला सहायक पाठवला. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. कमिशन घेता का, असे आम्ही सुरुवातीला तोंडी विचारले होते आणि “आमच्याकडे तसं काही नसतं” असे उत्तर मिळाले होते. पाचव्या महिन्यात एका मित्राला त्याच फोटोग्राफरने तेवढ्याच कामाचे थेट दिलेले कोटेशन आमच्यापेक्षा बरेच कमी निघाले. विचारल्यावर मधल्या रकमेला ‘समन्वय शुल्क’ असे नाव मिळाले. वाद घालून अर्धी रक्कम फीमधून वजा करून घेतली, पण त्यानंतर प्रत्येक कोटेशन मी स्वतः पडताळू लागलो, म्हणजे ज्या कामासाठी माणूस नेमला तेच काम पुन्हा माझ्याकडे आले. एक गोष्ट बरी केली होती: सगळे करार आमच्या नावावर होते आणि पैसे आम्ही थेट देत होतो. प्लॅनरशी बिनसले असते तरी एकही बुकिंग हातचे गेले नसते.

एवढे झाल्यावर त्यांना काढून का टाकले नाही, याचे उत्तर लग्नाच्या पाच आठवडे आधीच्या एका दुपारी आहे. त्यांनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. हॉलच्या करारात सजावटीच्या माणसांना सकाळी 6 वाजता प्रवेश होता. डेकोरेटरच्या कोटेशनमध्ये उभारणीला 7 तास लिहिले होते. आणि विधी 11:30 ला होता. हे दोन्ही कागद आमच्या घरात चार महिने पडून होते, दोन्हींवर माझीच सही होती आणि ते एकत्र वाचायचे मला सुचले नव्हते. त्यांनी आदल्या रात्रीचे 2 तास हॉलकडून विकत घेतले, मोठ्या चौकटी बाहेरच जोडून आणायला लावल्या आणि एक कमान सरळ रद्द केली. मग हॉलच्या मॅनेजरला मंजूर वीजभार विचारला, रोषणाई, ध्वनियंत्रणा आणि स्वयंपाकघर यांचा भार एका कागदावर लिहून बेरीज केली आणि जनरेटर मोठा घ्यायला लावला. हॉलचा मॅनेजर असतोच की, असे अनेक जण म्हणतात. तो सज्जन असला तरी हॉलचा नोकर असतो आणि हॉलच्या वस्तू व वेळा सांभाळणे एवढेच त्याचे काम असते.

त्या दिवसाचे वेळापत्रक 9 पानांचे होते. प्रत्येक ओळीत वेळ, काम, जबाबदार व्यक्ती आणि फोन नंबर होता, आणि त्या यादीत माझा नंबर कुठेच नव्हता. पाहुण्यांची एक बस 40 मिनिटे अडकली होती. त्यांनी विधीनंतरचे कुटुंबाचे फोटो आधी उरकून घेतले आणि मुख्य विधी पाहुणे बसल्यावरच सुरू केला. फोटो लवकर का काढले, हे मला चौथ्या दिवशी बसच्या बिलावरून कळले.

लग्न लहान असेल, एकाच जागी असेल आणि घरात फोन सांभाळणारा एक शांत डोक्याचा माणूस मोकळा असेल, तर मी प्लॅनर नेमणार नाही. लग्न दुसऱ्या गावी असेल किंवा कार्यक्रम दोन जागी विभागलेले असतील, तर नेमेन, पण फक्त शेवटच्या सहा आठवड्यांसाठी. आधीचे महिने आम्ही जवळजवळ स्वतःच ओढले होते.

धाकट्या चुलतबहिणीच्या लग्नासाठी सध्या त्याच प्लॅनरशी बोलणी चालू आहेत. सहा आठवड्यांचे काम, ठरावीक रक्कम आणि त्या दिवशी त्या स्वतः हजर राहतील, इथपर्यंत जमले आहे. कोणतेही कमिशन लेखी कळवावे आणि ते फीमधून वजा व्हावे, हे कलम मी मसुद्याच्या पहिल्याच पानावर घातले आहे. त्यावर त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.