आच्छादनाखाली झाकली गेलेली फसवणूक

मिरचीच्या लागवडीसाठी मी एकाच विक्रेत्याकडून शेणखत आणि मल्चिंग पेपर (वाफ्यावर अंथरायचा पातळ प्लास्टिकचा पट्टा) घेतला. पूर्ण कुजलेले म्हणून दिलेले खत निम्मे कच्चे होते आणि २५ मायक्रॉनचा म्हणून दिलेला पेपर त्याहून बराच पातळ निघाला. खताचा खोटेपणा पेपरखाली झाकला गेल्यामुळे तो लक्षात येईपर्यंत दुरुस्तीची वेळ निघून गेली होती.

खताच्या ढिगाचा वरचा थर काळसर व भुसभुशीत होता. आत हात घातला तेव्हा मात्र ऊब लागली, काड जसेच्या तसे दिसले आणि नाकाला झोंबणारा वास आला. ‘गरम खत म्हणजे जोमदार खत’ असे विक्रेत्याने सांगितले आणि मी ते मानले. वास्तविक चांगले कुजलेले खत थंड असते आणि त्याला ओल्या मातीचा वास येतो.

गादीवाफ्यांत खत मिसळून, वर पेपर अंथरून मी रोपे लावली. आठवड्याभरात अनेक रोपे माना टाकू लागली आणि उपटून पाहिल्यावर मुळांची टोके करपलेली दिसली. कच्च्या खतातून निघणारा अमोनिया मुळांना जाळतो, आणि वर पेपर असल्यामुळे तो वायू व उष्णता बाहेर पडायला मुख्य वाट उरते ती रोपाच्या बुंध्याशी असलेल्या छिद्राची. जी रोपे तगली त्यांची खालची पाने पिवळी पडली, कारण काडातील कर्ब (कार्बन) व नत्राचे (नायट्रोजनचे) प्रमाण साधारण ८०:१ असते (मुरलेल्या खतात ते २०:१ पेक्षा कमी असायला हवे) आणि असे काड मातीत मिसळले की ते कुजवणारे जिवाणू पिकाच्या वाट्याचे नत्र वापरून टाकतात. विक्रेत्याने याला मर रोग ठरवून मला बुरशीनाशकही विकले. त्या फवारण्यांत आणखी दहा दिवस गेले.

पेपर दोन महिन्यांत चिरला आणि खतातून आलेल्या तणाच्या बियांना उजेड मिळाला. तेव्हा मी शिल्लक राहिलेले न उघडलेले बंडल तोलून पाहिले. १.२ मीटर रुंद, ४०० मीटर लांब आणि २५ मायक्रॉन जाडीच्या पेपरचे वजन सुमारे ११ किलो भरते. माझे बंडल पावणेसात किलोचे, म्हणजे जेमतेम १५ मायक्रॉनचे होते. हे तोलणे मी खरेदीच्या वेळी केले असते तर पाच मिनिटे लागली असती.

त्याच शेतातील दोन वाफ्यांना मी घरच्या जुन्या खड्ड्यातील खत घालून वर सात-आठ सेंटिमीटर काडाचे आच्छादन दिले होते, आणि तेथील झाडे शेवटपर्यंत हिरवी राहून फळे देत होती. काड मातीत न मिसळता पृष्ठभागावर राहिले की नत्राची ओढाताण फारशी होत नाही, उलट ओल टिकते.

खत घेण्याआधी त्याचा मूठभर नमुना ओलसर करून पिशवीत चार दिवस बंद ठेवावा. उघडल्यावर उग्र किंवा आंबूस वास आला तर ते खत कच्चे आहे. थोडे खत पाण्याच्या पेल्यात ढवळले की त्यात मिसळलेली वाळू तळाशी बसलेली दिसते. पैसे देण्यापूर्वी बिलावर ‘पूर्ण कुजलेले’ हे शब्द आणि पेपरची जाडी, लांबी व वजन लिहून घ्यावे. माझ्या बिलावर केवळ ‘खत’ आणि ‘पेपर’ असे लिहिलेले होते, आणि तक्रार घेऊन गेलो तेव्हा विक्रेत्याने तेच बिल माझ्यापुढे ठेवले.