क्रेटात टॉप व्हेरियंटची इलेक्ट्रिक सीट: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यावर

गाडी 2023 ची ह्युंदाई क्रेटा, मधला व्हेरियंट. ड्रायव्हरची सीट कापडी आणि हाताने सरकणारी. ती काढून तिच्या जागी त्याच मॉडेलच्या टॉप व्हेरियंटची, म्हणजे एसएक्स (ओ) ची, आठ दिशांनी हलणारी इलेक्ट्रिक आणि व्हेंटिलेटेड (आतल्या पंख्याने हवा खेळवणारी) सीट बसवून घेतली. नागपूरचा उन्हाळा त्या सीटवर काढला, पावसाळाही सरला, आणि समृद्धीवरून संभाजीनगरच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या. त्यामुळे आता तिच्याबद्दल बोलायला हरकत नाही.

कारण कंबर. गावात कधी त्रास नव्हता. पण समृद्धीवर एकदा पाय 110-120 वर स्थिरावला की तासन्‌तास शरीर हलत नाही, आणि जालना यायच्या आत मांड्या बधिर. उशी ठेवून पाहिली, जाळीचा पाठटेका लावून पाहिला. दोन्ही आता ऑफिसच्या खुर्चीवर सुखाने नांदतात.

बाहेरून मिळणाऱ्या स्पोर्ट्स सीटचा विचार पहिल्यांदा केला आणि लगेच सोडला. 2023 च्या फेब्रुवारीपासून क्रेटाच्या सगळ्याच व्हेरियंटमध्ये सहा एअरबॅग आहेत. त्यातल्या पुढच्या दोन साइड एअरबॅग सीटच्या पाठीत, दरवाजाकडच्या कडेला शिवलेल्या असतात. बाहेरची सीट टाकली की ती एअरबॅग गेली, आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा कायमचा पेटला. मग कोणीतरी 'जुगाड' सुचवतो: त्या कनेक्टरमध्ये दोन-अडीच ओहमचा रेझिस्टर टाका, दिवा जातो. जातो खरा. एअरबॅग उडवणाऱ्या कंट्रोल मॉड्यूलला वाटतं एअरबॅग जागेवर आहे, आणि धडक बसली की तो करंट त्या चार आण्याच्या रेझिस्टरला देतो. घरची माणसं ज्या गाडीत बसतात तिच्यात हे करायची माझी तयारी नव्हती. म्हणून त्याच पिढीची, त्याच एअरबॅगची सीट हवी, एवढं आधी पक्कं केलं.

सीट मिळाली मुंबईत, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर. अपघातात मागून ठोकलेल्या गाडीची. ट्रान्सपोर्टसकट पस्तीस हजारांच्या आसपास पडली. तिथे सीट बघताना लेदर कोणीही बघतं, मी आधी ती उलटी करायला लावली. सीट ज्यावर सरकते त्या रेलवर गंज, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर, फोमला ओलसर वास, यातलं काहीही दिसलं तर सीट पुराच्या पाण्यातली समजायची आणि पुढच्या दुकानात जायचं. डिसेंबर 2023 मध्ये चेन्नईत किती गाड्या बुडाल्या हे सगळ्यांनी पाहिलंय; त्यांचे सुटे भाग कुठेतरी जातातच. दुसरी तपासणी पाठीच्या कडेच्या शिवणीची. एअरबॅग फुटलेली असेल तर ती शिवण उसवलेली किंवा नव्याने मारलेली दिसते. तिसरी, एअरबॅगच्या लेबलवरचा पार्ट नंबर. माझ्या जुन्या सीटच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये होता, दोन्ही नंबर जुळले तेव्हाच पैसे दिले. एका दुकानदाराने मल्टीमीटरची टोकं थेट एअरबॅगच्या पिनांना लावून "चेक करून देतो" म्हटलं. मी तिथून दोन पावलं मागे सरलो. मीटरचा जरासा करंटही आतला स्फोटक उडवू शकतो, म्हणून ते कधीच करायचं नसतं.

आता वायरिंग. सीट चार बोल्टांवर उभी असते, ते काम अर्ध्या तासाचं. बाकी दिवस सगळा सीटखालच्या तारांत जातो. टॉप व्हेरियंटच्या सीटखाली तीन वेगळे संसार आहेत. एक पिवळा कनेक्टर, दोन बारीक पिळलेल्या तारांचा: साइड एअरबॅग. दुसरा पट्ट्याच्या बकलचा स्विच, ज्यावरून गाडीला कळतं की पट्टा लावलाय की नाही. हे दोन्ही माझ्या गाडीत होतेच, तसेच्या तसे जुळले. तिसरा संसार नवा: मोटरींना जाणाऱ्या जाड तारा, पंख्यांचा छोटा मॉड्यूल, आणि गिअरजवळच्या स्विचकडे जाणाऱ्या तारा. माझ्या गाडीच्या फरशीवरच्या कनेक्टरमध्ये या जागा रिकाम्या होत्या.

ऑटो इलेक्ट्रिशियन इथे जो भेटला तो माझं नशीब. आधी दोघांनी दाखवलेला मार्ग असा होता की 12 व्होल्टच्या सॉकेटची तार कापून त्यातून सीट चालवू. तिथली तार आणि फ्यूज चार्जरसारख्या छोट्या उपकरणांच्या हिशेबाचे असतात. सीटची मोटर अडकली तर ती एकटीच दहा-पंधरा अँपिअर ओढते. तिसऱ्याने पहिला प्रश्न विचारला, "भाऊ, वायरिंग डायग्राम आणला का?" काम त्यालाच दिलं.

त्याने बॅटरीजवळून वेगळी 4 चौरस मिलिमीटरची तार ओढली, सुरुवातीलाच 30 अँपिअरचा फ्यूज दिला. फ्यूज बॅटरीजवळच हवा; सीटजवळ दिला तर मधली सगळी तार उघड्यावर राहते आणि कुठे घासली तर आगीला आमंत्रण. मोटरींना सप्लाय कायमचा ठेवला, म्हणजे गाडी बंद असतानाही सीट हलते, कंपनीच्या गाडीतही तसंच असतं. पंख्यांचा सप्लाय मात्र इग्निशननंतरचा, रिलेमधून. नाहीतर पंखा चालू राहून सकाळी बॅटरी झोपलेली सापडेल. सगळी तार दरवाजाच्या उंबऱ्याच्या प्लास्टिकखालून, नागमोडी पाइपात. जोड सगळे क्रिम्प करून (पकडीने दाबून) वर उष्णतेने आवळणारी नळी. काळी टेप कुठेही नाही. नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत टेपचा गोंद वितळून तार चिकट होते आणि टेप उलगडते, हे इथल्या कुठल्याही वायरमनला विचारा.

बसवण्याच्या क्रमात एक गंमत आहे जी आधी कोणी सांगत नाही. एअरबॅगला हात लावण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढून थांबायचं असतं, कारण एअरबॅगच्या मॉड्यूलमधल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. आम्ही चांगली दहा मिनिटं थांबलो. पण इलेक्ट्रिक सीटचे पुढचे बोल्ट आवळायचे तर सीट मागे न्यावी लागते, मागचे आवळायचे तर पुढे. आणि गाडीची बॅटरी तर काढलेली! त्यावर त्याने दुकानातली सुटी स्कूटरची बॅटरी आणली, फक्त मोटरच्या दोन पिनांना लावली, सीट पुढेमागे केली आणि चारही बोल्ट टॉर्क रेंचने आवळले. पिवळा कनेक्टर सगळ्यात शेवटी. त्याचं दुहेरी कुलूप असतं, आधी टक् आणि मग वरची पट्टी दाबायची. बॅटरी जोडताना आणि चावी फिरवताना आत कोणी बसलं नाही. एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटला आणि विझला. तेव्हा कुठे चहा मागवला. (बॅटरी काढल्यामुळे ड्रायव्हरची काच एका दाबात वर जाणं बंद होतं, काच पूर्ण वर नेऊन बटण थोडा वेळ धरून ठेवलं की परत शिकते.)

मधल्या काळात कुणी पिवळा कनेक्टर निघालेला असताना चावी फिरवली, मग ती गाणी लावायला का असेना, तर फॉल्ट मॉड्यूलमध्ये नोंदला जातो. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक वेळा इंजिनच वाचतो, एअरबॅगपर्यंत पोहोचत नाही, म्हणजे त्याने तो फॉल्ट पुसताही येत नाही. म्हणून चावी माझ्या खिशात होती.

वापराबद्दल. सगळ्यांना थंड सीटचं कौतुक, पण माझ्या कंबरेला आणि मांड्यांना खरा आराम दिला तो बैठकीचा पुढचा भाग वर उचलणाऱ्या बटणाने. जुन्या सीटची उंची बदलायची, पण बैठकीचा कोन तोच राहायचा. आता गुडघ्यामागे आधार मिळतो, वजन एकाच जागी बसत नाही. मेहकरला उतरून कंबर धरत चालणं बंद झालं.

व्हेंटिलेशनबद्दल अपेक्षा बेताची ठेवा. पंखा केबिनमधलीच हवा छिद्रांतून फिरवतो, स्वतः काही थंड करत नाही. दुपारी उन्हात उभ्या गाडीत बसून लगेच चालू केलं तर पाठीला गरम भट्टी. आधी एसीने केबिन निववायची, मग पंखा. त्यानंतर मात्र पाठीचा शर्ट कोरडा राहतो, आणि एसी एक घर कमी चालतो. तिसऱ्या स्पीडला पंख्याचा आवाज शहरात जाणवतो, हायवेवर नाही. पावसाळ्यात तो फारसा लावलाच नाही.

बायको गाडी घेते तेव्हा सीट पुढे नेणं हा एक कार्यक्रम होतो. मोटर सावकाश, मेमरी नाही. "तुमचं सिंहासन कधी हलेल?" हे रोजचं.

एक बिघाड झाला. जुलैत सीट पार मागे नेली की एअरबॅगचा दिवा लागायचा, पुढे आणली तरी विझायचा नाही. खाली टॉर्च मारून पाहिलं तर पिवळ्या तारेचा गुच्छा एका झिप टायने रेलजवळ आखूड बांधला गेला होता; सीट मागे गेली की तो कनेक्टरला ओढायचा. बॅटरी काढून टाय कापला, तारेला ढील देऊन सीटच्या चौकटीला बांधली, फॉल्ट मोठ्या स्कॅनरवर पुसला. त्यानंतर दिवा लागलेला नाही. काम करून घेणाऱ्यांनी गाडी ताब्यात घ्यायच्या आधी सीट दोन्ही टोकांना नेऊन, पाठ पूर्ण पाडून तारा कुठे ताणतात ते स्वतः वाकून बघावं.

सीट कव्हर नाही घातलं आणि घालू नये. छिद्रं बंद होतात हे एक, आणि कडेची शिवण झाकली गेली तर एअरबॅग वेळेवर उघडेल याचा भरवसा नाही. विमा कंपनीला बदल ईमेलने कळवून ठेवलाय. बॅटरीपासून वेगळी तार ओढल्यावर वायरिंगची वॉरंटी नाकारली जाऊ शकते, ते गृहीत धरलंय. जुनी सीट भंगारात दिली नाही, तिच्यात जिवंत एअरबॅग आहे. गाडी विकायची वेळ आली तर लागेलही.

बाजूची सीटही बदलणार का, असं मित्र विचारतात. नाही. तिच्या बैठकीत माणूस बसलाय की नाही हे ओळखणारा सेन्सर आहे, पट्ट्याची घंटी त्यावर वाजते. तो नव्या सीटचा तसाच निघेल याची खात्री कोणी देईना. शिवाय तिथे बसणारीला मांडीच्या आधारापेक्षा झोपायला पाठ पाडता येणं महत्त्वाचं वाटतं, आणि ती जुन्या सीटची उत्तम पडते.